जोडणी झाली, ताबा राहिला

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी विषय दिला तो ‘कुंपण’. कोल्हापूर जिल्ह्यात कुंपण म्हटलं की आधी बांधाची भांडणं आठवतात आणि पाठोपाठ हद्दवाढ. म्हणून मी उचगाव निवडलं. करवीर तालुक्यातलं हे गाव पुणे-बंगळूर महामार्गाला लागून आहे. शेजारी गांधीनगरची कापडाची घाऊक बाजारपेठ, जवळच उजळाईवाडीचा विमानतळ आणि पलीकडे गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत. १९७२ साली कोल्हापूरची महानगरपालिका झाली, तेव्हापासून शहराची हद्द हा न मिटलेला वाद आहे. हद्दवाढीची चर्चा निघाली की यादीत उचगावचं नाव येतं आणि गावातून विरोधही होतो. प्रत्यक्षात चार मजली अपार्टमेंटच्या मागच्या भिंतीला उसाचं रान लागतं, आणि शहर कुठं संपलं हे रस्त्यावरून चालताना कळत नाही.

मी पाहायला गेले होते ती मात्र दुसरीच हद्द. घराघरांतून वायफाय आलंय. त्याच्या लहरी भिंतीतून बाहेर पडतात, गल्लीत उतरतात, शेजाऱ्याच्या माजघरात जातात. त्यांना आवर घालणारं कुंपण कोण घालतं, कसं घालतं आणि त्याची किल्ली कुणाकडे राहते, एवढंच मला बघायचं होतं.

अर्ध्या तासात सगळं ठरतं

गावात इंटरनेट जोडून देणाऱ्या एका तरुणानं मला बरोबर फिरू दिलं. नाव छापायचं नाही, एवढीच त्याची अट. आधी तो केबल टीव्हीचं काम करायचा, आता नेटचं करतो. खांद्यावर शिडी, मोटारसायकलच्या मागं काळ्या वायरीचं भेंडोळं आणि पिशवीत काच जोडायचं यंत्र. फायबरची तार तो सोलतो, टोक पुसतो, कापतो, यंत्रात दोन्ही टोकं समोरासमोर ठेवतो. ठिणगी पडते आणि काचेला काच चिकटते. मग मीटर लावून उजेड किती पोचतोय ते बघतो. आकडा वजा वीसच्या आसपास आला की त्याच्या चेहऱ्यावर समाधान दिसतं. “पंचविसाच्या पुढं गेलं की पावसाळ्यात फोन आलाच म्हणून समजा,” तो म्हणाला.

हे काम त्याला उत्तम येतं. पुढचं काम तो घाईनं उरकतो. एका घरात पांढरा डबा, म्हणजे राउटर, भिंतीला लागला, दिवे हिरवे झाले, त्यानं स्वतःच्या मोबाईलवर सेटिंगचं पान उघडलं.

“मावशी, नाव काय ठेवू?”

“कशाचं रं?”

“वायफायचं.”

“ह्यांचंच ठेव की.”

“आणि पासवर्ड?”

“ते तूच ठेव बाबा काय तरी. ध्यानात राहील असं.”

त्यानं घरमालकांचा मोबाईल नंबर टाकला. मावशींच्या मुलानं फोनवर व्हिडिओ लावून बघितला, पैसे दिले, चहा झाला, आम्ही उठलो.

त्या घराला त्या दिवशी दोन पासवर्ड लागू झाले. एक सगळ्यांना माहीत झाला तो, वायफायला जोडून घेण्याचा. दुसरा त्या डब्याच्या सेटिंगचा. त्यानं वायफायचं नाव बदलता येतं, कोण जोडलंय ते दिसतं, नको त्याला काढता येतं आणि घरातली सगळी वाहतूक कुठून जाईल तेही ठरवता येतं. हा दुसरा पासवर्ड मावशींच्या घरात कुणालाच माहीत नाही. तसा काही असतो हेसुद्धा त्यांना कुणी सांगितलं नाही. तरुणाला विचारलं तेव्हा त्यानं आडपडदा ठेवला नाही. त्यानं जोडलेल्या सगळ्या घरांना तो एकच आहे.

त्याचं म्हणणं मी नीट ऐकून घेतलं, कारण ते खोटं नाही. “पोरं सेटिंगमध्ये बोटं घालतात, नेट बंद पडतं आणि शिव्या मला बसतात. रविवारी जेवायला बसलो की फोन. प्रत्येक घराला वेगळा पासवर्ड ठेवला तर लिहून कुठं ठेवायचा? आणि मला पैसे मिळतात ते जोडणीचे. समजावून सांगायचे कोण देतंय?” शेवटच्या वाक्यात माझ्या मते सगळं दुखणं आलं. आपण जोडणी विकत घेतो. ताबा घेण्याचा व्यवहारच कुठं होत नाही.

डबा कुठं बसवायचा हेही त्याच अर्ध्या तासात ठरतं, आणि बहुतेक ठिकाणी वायर आत जिथून आली तिथंच तो बसतो. मावशींकडे तो लोखंडी कपाटाच्या मागं गेला. लोखंडातून या लहरी जात नाहीत, सिमेंटच्या स्लॅबमधून गेल्या तरी निम्म्याहून जास्त जोर गमावतात. वायफाय दोन पट्ट्यांवर चालतं. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर लांब जाते, पण त्या पट्टीत एकमेकांवर न चढणारी जागा तीनच चॅनेलना मिळते: १, ६ आणि ११. दाट वस्तीत तिथं गर्दी होते. ५ गिगाहर्ट्‌झला जागा भरपूर आणि वेग जास्त, पण ती भिंतीला लवकर हरते. त्यामुळे आतल्या खोलीत रेंज नाही म्हणून तक्रार करणाऱ्या घराचं वायफाय खिडकीतून समोरच्या रस्त्यावर मात्र चांगलं मिळतं, असं मी उचगावात एकापेक्षा जास्त ठिकाणी पाहिलं.

उसावरून जाणारी वाट

गावाच्या कडेला एका शेतकऱ्यानं घर ते मळा असं बिनतारी नेट नेलंय. मळ्यात गोठा आहे, बोअर आहे, मोटार चोरीला जाऊ नये म्हणून कॅमेरे आहेत. अंतर साधारण किलोमीटरभर. वायर न्यायची तर चार जणांच्या बांधावरून परवानगी मागत जावं लागलं असतं. इथं कुंपणाचा प्रश्न हवेनं सोडवला.

हे शक्य झालं ते सरकारनं काही पट्ट्या परवानामुक्त केल्यामुळे. २.४ गिगाहर्ट्‌झची पट्टी जानेवारी २००५ मध्ये मोकळी झाली. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्‌झची मोठी पट्टी घराबाहेरच्या वापरासाठीही खुली झाली. ठरलेल्या ताकदीच्या आत राहिलं तर कुणाचीही परवानगी लागत नाही. गच्चीवर एक छोटी डिश, मळ्यातल्या लोखंडी पाइपावर दुसरी. दोघं दोन टोकांना उभे राहतात, फोन कानाला लावतात आणि “डावीकडं... थांब... आता जरा खाली” असं करत डिश एकमेकींच्या तोंडाला आणतात.

इथं मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. दोन डिश एकमेकींना दिसल्या म्हणजे झालं, असं वाटतं. तसं नाही. लहर सरळ रेषेत धावत असली तरी तिला रेषेभोवती फुगीर मोकळी जागा लागते. मध्यावर ती सर्वांत रुंद असते. अभियंते तिला फ्रेनेल झोन म्हणतात, एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावावरून. ५.८ गिगाहर्ट्‌झवर किलोमीटरभर अंतराला मधोमध ही जागा रेषेच्या सर्व बाजूंनी साडेतीन मीटरहून थोडी जास्त असते, आणि तिचा निदान साठ टक्के भाग रिकामा लागतो. आता हिशेब करा. ऊस तुटून गेल्यावर मोकळ्या रानावरून पाच मीटर उंचीच्या पाइपावर जोडणी केली, उत्तम चालली. पुढं लागण उभी राहते, आडसाली ऊस तीन-चार मीटरवर जातो, पावसात पानं भिजतात आणि पाणी या लहरी पिऊन टाकतं. नेट तुटायला लागतं. यंत्र बदललं जातं, वायर बदलली जाते, कंपनीला दोष दिला जातो. उपाय असतो पाइप तीन मीटरनं वाढवायचा. उचगावच्या त्या तरुणानं हे पुस्तकात वाचलं नव्हतं. दोन हंगाम फेऱ्या मारून त्याला ते उमगलं. आता तो उन्हाळ्यात जोडणी करतानाच विचारतो, “मधल्या रानात पुढं काय लावणार हाईसा?”

एवढी नजर असलेल्या माणसानं त्या दोन्ही डिशचा कारखान्यातून आलेला पासवर्ड तसाच ठेवला होता. “मळ्यात कोण येतंय?” मळ्यात कुणी यायला नको. लहर वाटेत रस्ता ओलांडून जाते, आणि त्या रस्त्यावर कुणीही थांबू शकतं.

वारणेनं काय दाखवलं

नवं तंत्र गावात टिकतं कशावर, याचा एक जुना अनुभव याच जिल्ह्यात आहे. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणानगरच्या सहकारी परिवारात १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली मिळून सत्तर गावं संगणकांनी जोडायची होती. शेतीची माहिती, बाजारभाव, शिक्षण अशी मोठी स्वप्नं होती. देशभरात त्याचा गवगवा झाला.

काही वर्षांनी अभ्यासकांनी जाऊन पाहिलं तेव्हा त्या केंद्रांचा खरा वापर साखर कारखान्याच्या कामासाठीच होत होता: उसाचं वजन किती भरलं, तोडीची पाळी कधी, खताची उचल किती. त्याच सुमारास संगणक जुने झाले होते आणि दुरुस्ती महाग पडत होती. बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या गटानं मग ‘वारणा अनवायर्ड’ नावाचा प्रयोग केला. सात गावांत आठ महिने संगणक बाजूला ठेवून तीच कामं साध्या मोबाईलवरच्या एसएमएसनं करून पाहिली. संगणकावरची सगळी कामं एसएमएसवर झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांना ती पद्धत जास्त आवडली.

‘वायर्ड’चं ‘अनवायर्ड’ झालं, याचं कौतुक पुष्कळ झालं. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. जी वस्तू शेतकऱ्याच्या स्वतःच्या हातात होती आणि जी त्याला चालवता येत होती, ती उपयोगी पडली. उचगावातल्या पांढऱ्या डब्याला मी तीच कसोटी लावते, आणि त्यात तो उतरत नाही.

कुलूप कसं तुटतं

वायफायचं पहिलं कुलूप १९९७ मध्ये आलं, त्याचं नाव वेप. चारच वर्षांत, २००१ मध्ये, फ्लुरर, मँटिन आणि शमीर या तिघा संशोधकांनी त्याच्या रचनेतला दोष दाखवून दिला. २००७ पर्यंत जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या संशोधकांनी ते मिनिटभरात उघडून दाखवलं. दरम्यान २००३ मध्ये डब्ल्यूपीए आणि २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२ आलं होतं. आज उचगावातल्या बहुतेक घरांत हेच डब्ल्यूपीए-२ आहे. २०१७ मध्ये माथी वानहूफ या बेल्जियन संशोधकानं त्यातही फट दाखवली. ती सॉफ्टवेअर अद्ययावत करून बुजवता येते. २०१८ पासून डब्ल्यूपीए-३ आहे.

डब्ल्यूपीए-२ चांगलं आहे, पण त्याचा जीव पासवर्डमध्ये आहे. फोन वायफायला जोडताना दोघांत चार निरोपांची देवाणघेवाण होते. बाहेर उभा असलेला माणूस ती टिपून घेऊ शकतो. मग घरी जाऊन, तुमच्या राउटरला पत्ता न लागू देता, एकेक शब्द लावून बघू शकतो. आता मावशींचा पासवर्ड आठवा. भारतातला मोबाईल नंबर दहा आकडी असतो आणि ६, ७, ८ किंवा ९ नं सुरू होतो. म्हणजे फार तर चारशे कोटी शक्यता. चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक सेकंदाला लाखो शब्द तपासतो. ही सगळी यादी काही तासांत संपते. वायफायला मालकाचं नाव आणि पासवर्डला त्यांचाच नंबर असेल, तर गावात ओळखीच्या माणसाला संगणकही लागत नाही.

उलट चार-पाच असंबद्ध शब्दांचा लांब पासवर्ड ठेवला, तर हीच पद्धत हतबल होते. मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहिले तरी चालतात. सासूबाईंना लक्षात राहील, गल्लीला सुचणार नाही असे चार शब्द एकमेकांना जोडायचे. गाणं किंवा म्हण मात्र नको. डब्ल्यूपीए-३ मध्ये घरी नेऊन अंदाज बांधण्याची ही वाटच बंद केलेली आहे. प्रत्येक प्रयत्न राउटरसमोर येऊन करावा लागतो. डब्यात ती सोय असेल तर लावून घ्यावी. आणि बटण दाबून जोडायची डब्ल्यूपीएस नावाची सोय बंद करावी. तिचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे फक्त अकरा हजार प्रयत्नांत तो सापडतो, हे २०११ मध्येच उघड झालं आहे. वायफायचं नाव लपवून ठेवण्याला लोक सुरक्षितता समजतात. त्याचा उपयोग जवळजवळ शून्य आहे.

सानपाड्याचं घर

“घेतलं कुणी नेट फुकट, तर काय बिघडलं?” हा प्रश्न मला गल्लीत अनेकांनी विचारला. त्यात मनाचा मोठेपणा आहे, त्याला मी हसणार नाही. पण त्याचं उत्तर महाराष्ट्राला २००८ मध्ये मिळालेलं आहे. २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल आला होता. माग काढत पोलीस नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका सदनिकेत पोचले. तिथं राहणाऱ्या अमेरिकन नागरिकाचा त्या मेलशी काही संबंध नव्हता; त्याचं उघडं वायफाय दुसऱ्या कुणी वापरलं होतं. पुढच्या मेलसाठी माटुंग्याच्या खालसा कॉलेजचं आणि सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या स्फोटांच्या वेळी चेंबूरच्या एका कंपनीचं वायफाय वापरलं गेलं. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी रस्त्यांवर फिरून उघडी वायफाय शोधायची मोहीम घेतली, आणि त्याच वर्षी दूरसंचार विभागानं वायफाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना काढल्या.

बाहेरून बघणाऱ्याला जोडणी घेणाऱ्याचंच नाव दिसतं. आत कोण बसलं होतं हे नंतर शोधावं लागतं, आणि तोवर दार वाजतं ते आपलं.

गांधीनगरच्या गल्ल्यावर

उचगावचे कित्येक जण कामाला गांधीनगरात जातात. तिथल्या एका कापडाच्या दुकानात गल्ल्यामागच्या भिंतीवर वायफायचा पासवर्ड मोठ्या अक्षरांत चिकटवलेला होता. लांबून येणारे व्यापारी माल बघताना घरी फोटो पाठवतात, त्यांची सोय. याच वायफायवर बिलाचा संगणक, प्रिंटर, हजेरीचं यंत्र आणि आठ कॅमेऱ्यांचा डब्बा होता.

बँकेच्या व्यवहारांची भीती लोकांना सर्वांत जास्त असते. ती थोडी कमी करायला हरकत नाही. बँकांची अॅप स्वतःचं सांकेतिक आवरण घेऊनच चालतात. वायफाय ऐकणाऱ्याला आतला मजकूर वाचता येत नाही. धोका दुसरीकडून येतो. आत आलेल्याला कॅमेऱ्याचा डब्बा दिसतो, आणि त्याचा पासवर्ड बसवल्या दिवसापासून कारखान्याचाच असतो. असेच कॅमेरे आणि राउटर गोळा करून २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घुसखोर प्रोग्रॅमनं अमेरिकेतल्या मोठमोठ्या संकेतस्थळांना काही तास झोपवलं. २०११ च्या सुमारास ब्राझीलमध्ये सुमारे ४५ लाख मोडेमची सेटिंगं परस्पर बदलून लोकांना बँकेच्या खोट्या पानांवर नेलं गेलं. आपल्याकडे जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ग्राहकांचे हजारो मोडेम एका हल्ल्यात बंद पडले. बळी पडले ते मूळचा पासवर्ड न बदललेले मोडेम.

मी दुकानदारांना म्हटलं, भिंतीवरचा कागद राहू दे, फक्त पाहुण्यांचं वायफाय वेगळं करून घ्या. जवळजवळ प्रत्येक नव्या राउटरमध्ये ‘गेस्ट’ची सोय असते. एकाच डब्यातून दोन नावं निघतात; पाहुण्यांच्या नावावर आलेल्याला इंटरनेट मिळतं, बिलाचा संगणक आणि कॅमेरे दिसत नाहीत. दुकानदार काका क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. “एवढंच हाय व्हय? मग त्यानं बसवतानाच का न्हाई केलं?”

त्यांनी लगेच फोन लावला. संध्याकाळी वायफाय बसवून देणारा मुलगा येऊन ते करून गेला. दहा मिनिटांचं काम. पैसे त्यानं घेतले नाहीत, काकांनी बळेच दिले. मला ते पैसे फार योग्य जागी गेले असं वाटलं. या मुलांना समजावून सांगायचेही पैसे मिळाले, तर निम्मा प्रश्न सुटेल. कंपन्यांनी जोडणीच्या दरात तेवढा वेळ धरावा, प्रत्येक डब्याला वेगळा पासवर्ड देऊन तो ग्राहकाच्या पावतीवर छापावा, आणि ग्रामपंचायतीनं एका ग्रामसभेत तासभर याच मुलांना बोलू द्यावं. गावात हे काम येणारी माणसं आहेत, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तोवर वाचकांना माझी विनंती एवढीच. दिवाळीच्या साफसफाईत राउटरवरची धूळ पुसाल तेव्हा तो लोखंडी कपाटामागून काढून घराच्या मधोमध, उंचावर ठेवा. जोडणी करून देणाऱ्याला फोन करून बोलावा, चहा द्या, आणि त्याच्याकडून सेटिंगचा पासवर्ड मागून घ्या. तो त्याच्यासमोरच बदला, वहीत लिहा, वही रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. वायफायला फोन नंबर असेल तर तोही बदला, डब्ल्यूपीएस बंद करायला सांगा, सॉफ्टवेअर अद्ययावत करून घ्या. कॅमेरे असतील तर त्यांचाही पासवर्ड त्याच बैठकीत बदला. आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या.